बर्गरवाल्यांचं आरोग्यप्रेम आणि माझी वड्यांची कढई

हायवेकाठचा

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सावर्ड्याजवळ महामार्गाला लागून आमचं नाश्त्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं तेव्हा दोन बाकडी आणि एक स्टोव्ह होता. आता पत्र्याची शेड आणि आठ टेबलं आहेत. वडापाव, मिसळ, कोकम सरबत, सकाळी दहापर्यंत घावणे-चटणी. चौपदरीकरणात पुढचं अंगण गेलं, पण गिऱ्हाईक टिकलं.

गेल्या दिवाळीत पुढे थोड्या अंतरावर एका मोठ्या बर्गर साखळीचं दुकान उघडलं. नाव घेत नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मागच्या रविवारी मुंबईचं एक कुटुंब आमच्याकडे थांबलं. बारा-तेरा वर्षांची मुलगी वडापाव हातात घेऊन बापाला म्हणाली, "बाबा, तिकडे कॅलरी लिहिलेल्या असतात, बन मिलेटचा मिळतो, स्ट्रॉ पण कागदाचा. इथे रद्दी पेपर!" बाप ओशाळला. मी हसून वेळ मारून नेली. मग पावाकडे बघितलं तर त्यावर उलटी अक्षरं उमटलेली. 'निविदा सूचना'.

रात्री झोप नाही आली. तर प्रश्न असा: या कंपन्या आरोग्य, पर्यावरण वगैरेसाठी खरंच बदलतात, की नुसता रंग लावतात? बदलत असतील तर कशामुळे? आणि त्यातलं माझ्यासारख्याने काय उचलावं?

खवचट_काका

निविदा सूचना असलेला पाव मिळत असेल तर बांधकाम खात्याचे ठेकेदार तुमच्याकडे रांग लावतील. कॅलरीचं सोडा.

तळकोकणी

अरे मेल्या, दारात फणसाचा झाड आसा, ताच ना तुझा दुकान? मे महिन्यात कुडाळसून मुंबैक जाताना थांबलेलंव. वडो एक नंबर. पण एक सांगतंय, रद्दी बंद कर. माझ्या झिलान माका शाईतल्या शिशावर दोन तास भाषण दिल्यान. त्या दिवसापासून घरात भजी पेपरार काढूची बंदी आसा.

दापोलीचा_विद्यार्थी

तळकोकणी यांचा झिल बरोबर सांगतोय. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावलं आहे. गरम आणि तेलकट पदार्थात शाई उतरते. त्यामुळे ते पहिलं काम, त्यावर चर्चा नको.

आता मूळ प्रश्न. बदलतात. पण कसे बदलतात ते बघायचं असेल तर तळणाच्या तेलाची गोष्ट ऐका. दापोलीच्या कृषी विद्यापीठात असताना आमचे एक सर ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. मग मी स्वतःही बरंच वाचलं.

अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइज पूर्वी मुख्यतः गाईच्या चरबीत तळल्या जायच्या. चव म्हणे त्यामुळेच. ओमाहा शहरात फिल सोकोलोफ नावाचा एक उद्योजक होता, त्याला हार्ट अटॅक येऊन गेलेला. तो पेटून उठला आणि पदरचे पैसे घालून त्याने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. जुलै १९९० मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता वनस्पती तेल वापरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण ते तेल अंशतः हायड्रोजनीकरण केलेलं होतं, म्हणजे आपल्या डालड्याचा चुलतभाऊ. त्यात ट्रान्स फॅट, आणि हृदयाला ते चरबीपेक्षाही वाईट असं नंतरच्या संशोधनात दिसलं. म्हणजे आरोग्यासाठी केलेला बदल आगीतून फुफाट्यात घेऊन गेला. २००२ मध्ये कंपनीने ट्रान्स फॅट कमी करू असं सांगितलं, पुढच्या फेब्रुवारीची मुदतही दिली. मुदत टळली, लोकांना ते धड कळवलं नाही, म्हणून खटला झाला. २००५ मध्ये ८५ लाख डॉलरवर तडजोड झाली. मधल्या काळात डेन्मार्कने २००३ मध्येच तेलातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली होती. न्यूयॉर्क शहराने २००६ मध्ये उपाहारगृहांसाठी बंदी मंजूर केली. २००८ मध्ये कुठे अमेरिकेतल्या फ्राइज ट्रान्स फॅटमुक्त झाल्या.

आपल्याकडे तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के झाली. ही मर्यादा सगळ्यांना आहे, बर्गरवाल्याला आणि तुम्हालाही.

सुपारीबाग

आमचे आजोबा आयुष्यभर डालड्यातली जिलेबी खाऊन ९२ वर्षं जगले.

दापोलीचा_विद्यार्थी

आजोबा दिवसाला किती चालायचे तेही लिहा.

सुपारीबाग

गुहागर ते असगोली, जाऊन येऊन, रोज. 😄 हरलो.

शाकाहारी_शेखर

वरच्या गोष्टीत एक धागा राहिला. चरबी काढली तरी अमेरिकेतल्या फ्राइजमध्ये गोमांसाचा 'नैसर्गिक स्वाद' टाकत होते. वर्षानुवर्षं तिथल्या हिंदू आणि शाकाहारी लोकांनी त्या फ्राइज शाकाहारी समजून खाल्ल्या. २००१ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका भारतीय वंशाच्या वकिलाने दावा लावला. २००२ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना मिळून १ कोटी डॉलर दिले. भारतातल्या फ्राइजमध्ये तसलं काही नसतं असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. तेव्हापासून मी 'वनस्पती तेलात तळलेले' एवढं वाचून थांबत नाही, पुढचं बारीक अक्षरही वाचतो.

बाजारू_माणूस

सगळे कंपन्यांना झोडपताय. जरा गिऱ्हाइकाकडे पण बघा.

१९९१ मध्ये याच मॅकडोनाल्ड्सने 'मॅकलीन डिलक्स' नावाचा ९१ टक्के चरबीमुक्त बर्गर काढला. चरबी काढल्यावर मांस कोरडं होतं, म्हणून पाणी धरून ठेवायला कॅराजीनन घातलं, जे समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. लोकांनी तोंड वाकडं केलं आणि १९९६ मध्ये तो बंद. सॅलड ठेवली. अमेरिकेत २०२० च्या साथीत मेन्यू छोटा करताना ती काढली आणि परत आणलीच नाहीत. वनस्पतीपासून बनवलेला मॅकप्लांट अमेरिकेत चाचणीला ठेवला, २०२२ मध्ये गुंडाळला. सर्व्हेमध्ये माणूस हेल्दी मागतो, काउंटरवर लार्ज फ्राइज मागतो.

हायवेकाठचा, तुम्हीच सांगा, घावणे किती खपतात आणि वडे किती?

हायवेकाठचा

घावणे तीस-चाळीस. वडे विचारू नका.

बाजारू_माणूस

माझं म्हणणं संपलं.

रत्नांग्रीची_पोर

संपलं कसं? सॅन फ्रान्सिस्कोची गंमत ऐका. तिथल्या नगर परिषदेने २०१० मध्ये ठराव केला की मुलांच्या जेवणात साखर-मीठ-चरबी अमुकपेक्षा जास्त असेल तर सोबत खेळणं फुकट द्यायचं नाही. २०११ च्या डिसेंबरात नियम लागू झाला आणि कंपनीने काय केलं? खेळण्याला १० सेंट लावले! फुकट नाही ना, मग झालं. हे गिऱ्हाइकाने करायला लावलं होतं का?

बरोबरीने हेही सांगायला हवं, त्याच सुमाराला त्यांनी अमेरिकाभर मुलांच्या डब्यातल्या फ्राइज कमी केल्या आणि सफरचंदाच्या फोडी घातल्या. म्हणजे एका हाताने पळवाट, दुसऱ्या हाताने सुधारणा. एकाच कंपनीत दोन्ही चालतं.

कढईमागचा

मी मुंबईत अशाच एका साखळीच्या किचनमध्ये अडीच वर्षं होतो. आता गावी रिक्षा चालवतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. (नाव विचारू नका.)

तेलाच्या बाबतीत ते खरंच शिस्तीचे. तेल रोज गाळायचं, कागदी पट्टीने तपासायचं, रंग बदलला की काढून टाकायचं. शिफ्ट मॅनेजरची सही लागायची. तेल काळं झालं तरी 'आजचा दिवस चालवू' असं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. यात मालकाची दया नव्हती हो. एका शाखेत कोणी आजारी पडलं तर बातमी शंभर शाखांची होते, ती भीती.

वाईट बाजू पण सांगतो. तयार माल ठेवायची वेळ ठरलेली. घड्याळ वाजलं की कचऱ्याच्या डब्यात, मग तो गरम असो. पहिल्या आठवड्यात मला रडू यायचं. घरी आई उरलेल्या भाताची फोडणी करते आणि इथे मी सहा बर्गर एका झटक्यात टाकतोय.

कॅलरीचे आकडे बोर्डावर आल्यावर काय झालं? कॉलेजची पोरं मोठ्याने आकडे वाचायची, 'अरे हा तर हजारचा' म्हणून हसायची आणि तोच कॉम्बो घ्यायची. पण बायका कोल्ड्रिंकच्या जागी पाणी मागायला लागल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दापोलीचा_विद्यार्थी

कॅलरीचा नियम दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांना आहे, २०२२ च्या जुलैपासून लागू झाला. हायवेकाठचा, तुमची एकच शाखा, त्यामुळे त्या मुलीला निश्चिंत मनाने सांगा.

तेलाचा नियम मात्र सगळ्यांना आहे. तळून तळून तेलात जे पोलर घटक वाढतात, ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल अन्नासाठी बाद. १ जुलै २०१८ पासून. दिवसाला ५० लिटरच्या वर वापर असेल तर नोंदही ठेवावी लागते. बाद तेल बायोडिझेलला द्यावं म्हणून 'रुको' नावाचा उपक्रमही प्राधिकरणाने त्याच वर्षी सुरू केला. ब्रिटनमध्ये मॅकडोनाल्ड्सचे ट्रक २००७ पासून स्वतःच्याच वापरलेल्या तेलाच्या डिझेलवर धावतात.

खवचट_काका

म्हणजे ट्रक मागून गेला की फ्राइजचा वास. आमच्या लालपरीला वड्याच्या तेलावर चालवा, परशुराम घाटात प्रवासी भुकेने तरी उतरणार नाहीत.

पुण्याची_पाहुणी

मी टुरिस्ट, मला बोलू द्या. आम्ही दर वर्षी दोनदा तळकोकणात येतो. बर्गरच्या दुकानात का थांबतो माहितीये? बर्गरसाठी नाही. संडाससाठी. स्वच्छ, पाणी आहे, कडी लागते, आत साबण आहे. लहान मुलगी आणि सासूबाई बरोबर असताना मी पर्यावरण बघत नाही, कडी बघते. आत गेलं की मग उपकार म्हणून चार फ्राइज घेतो.

लांजेकर

+१. ताईंनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं.

सुपारीबाग

+१००. वडखळपासून सावंतवाडीपर्यंत यावर वेगळा धागा निघू शकतो.

संपादक मंडळ

काढा मग वेगळा. इथे विषय अन्नाचा आहे. 🙂

वेळासची_वाळू

उशिरा आले. मी वेळासला कासव महोत्सवात स्वयंसेवक म्हणून जाते, मंडणगड तालुका. कागदी स्ट्रॉवर माझं थोडं ऐका.

जगभर स्ट्रॉविरुद्ध लाट आली त्याला एक व्हिडिओ कारणीभूत. २०१५ मध्ये कोस्टा रिकाजवळच्या समुद्रात संशोधकांनी एका कासवाच्या नाकातून प्लास्टिकचा स्ट्रॉ पकडीने ओढून काढला. बघवत नाही. पण किती जणांना माहिती आहे की ते ऑलिव्ह रिडले होतं? आपल्या वेळासला, आंजर्ल्याला अंडी घालायला येतात तीच जात. त्यामुळे मला तो स्ट्रॉ परक्या देशातला वाटत नाही.

त्यानंतर कंपन्या धावल्या. ब्रिटनमध्ये मॅकडोनाल्ड्सने कागदी स्ट्रॉ आणले आणि २०१९ मध्ये त्यांनाच सांगावं लागलं की हे स्ट्रॉ इतके जाड आहेत की रिसायकल होत नाहीत. आधीचे प्लास्टिकचे होत होते! आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, प्लेटा बंद. महाराष्ट्रात बंदी त्याच्याही आधी, २०१८ मध्ये आली.

किनारा झाडताना मी पोतं भरते तेव्हा आत काय असतं ते सांगते. जाळ्यांचे तुकडे आणि दोर, थर्माकोल, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या आणि सॉसच्या छोट्या पुड्या. स्ट्रॉ कागदाचा झाला, सॉसची पुडी आहे तशीच. इतक्या लहान, इतक्या पातळ, त्यात वाळू जाऊन बसते, कोणी भंगारवाला घेत नाही. एका कुटुंबाच्या पिशवीत मूठभर पुड्या फुकट देतात, अर्ध्या न फोडता फेकल्या जातात. फोटोत येतो तो कचरा आधी बदलतो, असं मला वाटायला लागलंय.

रत्नांग्रीची_पोर

शेवटच्या वाक्यावर मी दिवसभर विचार करतेय.

गाबीत_गडी

ताई, जाळ्याच्या तुकड्यांचं मान्य. आमची चूक आमच्या पदरात. पण या कंपन्या माशाच्या बाबतीत काय करतात? आम्ही १ जून ते ३१ जुलै होड्या वर काढून बसतो. एलईडी लावून रात्री मासे उपसणाऱ्यांना कोण विचारतं?

दापोलीचा_विद्यार्थी

माशाच्या बाबतीत अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फिश बर्गरसाठी अलास्काचा पोलॉक वापरतात आणि २०१३ पासून त्यावर शाश्वत मासेमारीचा निळा शिक्का असतो. शिक्का देणारी संस्था वेगळी आहे. आपल्या बांगड्याला असा शिक्का मिळवून द्यायचा तर आधी किती धरला, कुठे धरला, कोणत्या जाळ्याने धरला, याची नोंद हवी. बंदरावर ती कोण ठेवतं ते तुम्हालाच जास्त ठाऊक.

गाबीत_गडी

नोंद ठेवतो ना आम्ही. व्यापाऱ्याच्या वहीत, आमच्या उचलीची. 😑

मका_सोया

कागद, स्ट्रॉ, पुड्या, सगळं खरं, पण मोठा हत्ती दुसरीकडेच उभा आहे. बर्गरचा खरा भार त्याच्या आतल्या मांसात असतो, आणि मांसाचा भार बराचसा जनावराने खाल्लेल्या चाऱ्यात आणि त्यासाठी तोडलेल्या जंगलात.

२००६ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने दाखवलं की ॲमेझॉनचं जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन युरोपातल्या कोंबड्यांना जातं आणि त्या कोंबड्या मॅकडोनाल्ड्सच्या नगेटमध्ये. काही महिन्यांत कंपनी ग्रीनपीसच्या बाजूने व्यापाऱ्यांवर दबाव आणायला उभी राहिली आणि त्याच जुलैमध्ये तिथले सोयाबीन व्यापारी नव्याने तोडलेल्या जमिनीचा माल न घेण्यावर राजी झाले. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत परिणामकारक बदल हाच. कारण एक मोठा खरेदीदार 'घेणार नाही' म्हणाला. स्ट्रॉसारखा तो हातात दिसत नाही, म्हणून त्याची पोस्टर नाहीत.

उलटा प्रवासही होतो. अमेरिकेत चिक-फिल-ए या चिकनच्या साखळीने अँटिबायोटिक अजिबात न दिलेल्या कोंबड्या वापरण्याचं वचन दिलं होतं. २०२४ मध्ये ते सैल केलं, 'माणसाच्या उपचारात महत्त्वाची असलेली अँटिबायोटिक्स नसलेल्या' एवढ्यावर आणलं. पुरवठा पुरत नाही म्हणे. म्हणजे वचन कायमचं नसतं, बाजार घट्ट झाला की ढिलं होतं.

बाजारू_माणूस

सोयाबीनचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. कायदा नव्हता, खरेदीदार होता.

मका_सोया

आणि खरेदीदाराच्या मागे मोर्चा होता. अर्धं तुमचं, अर्धं आमचं.

गुहागरची_आजी

मी ७४ वर्षांची, नात टाइप करून देते आहे. ते मिलेट म्हणजे आपली नाचणी-ज्वारीच ना? आम्ही लहान असताना नाचणीची भाकरी घरी पाहुणे आले की झाकून ठेवायचो. गरिबीची खूण होती ती. पाहुण्याला तांदळाची भाकरी, आम्हाला काळी. माझ्या सासूबाई डोंगरावर वरकस जमिनीत नाचणी लावायच्या, ती आता कोणी लावत नाही. आता तीच बर्गरात घालून वरून पैसे घेतात म्हणता? ऐकून हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं.

दापोलीचा_विद्यार्थी

हो आजी, तीच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, त्यानंतर २०२४ मध्ये पश्चिम-दक्षिण भारतातल्या मॅकडोनाल्ड्सने म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेबरोबर भरडधान्यांचा बन काढला. नाचणी, ज्वारी, बाजरी आहेत त्यात. पण बन भरडधान्याचा झाला म्हणून आतली तळलेली टिक्की आणि बाजूचं कोल्ड्रिंक बदलत नाही. आणि आपल्या डोंगरावरची नाचणी तिथे पोहोचते का, हा प्रश्न मला जास्त सतावतो.

तळकोकणी

आजीनू, तुमच्या हातची आंबील मिळात तर मी बर्गर सोडून देतंय. लिहून घेवा.

गुहागरची_आजी

ये की. ताक घरचं आहे.

फ्रान्समधली_मालवणीण

मी लिऑनमध्ये राहते. इथे १ जानेवारी २०२३ पासून कायदा आहे: वीस किंवा जास्त माणसं बसू शकतील अशा उपाहारगृहात आत बसून खाणाऱ्याला धुऊन वापरायच्या भांड्यांतच द्यायचं. बर्गरच्या दुकानात फ्राइज आता लाल रंगाच्या टणक डब्यात येतात, पाणी-कोल्ड्रिंक धुवायच्या ग्लासात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कुडाळच्या एसटी स्टँडवरचं हॉटेल आठवलं. स्टीलची ताटली, स्टीलचा पेला, मागे पोऱ्या भांडी विसळतोय. तिथे तर कुठला कायदा नव्हता. सुरुवातीला लोकांनी ते लाल डबे आठवण म्हणून घरी पळवले हो! आमच्या शेजारणीकडे दोन आहेत, पेनं ठेवायला.

हायवेकाठचा, तुमच्या आठ टेबलांवर काय देता?

हायवेकाठचा

बसणाऱ्याला स्टीलची ताटली. पेपर फक्त पार्सलला आणि उभ्याने खाणाऱ्याला. सरबत काचेच्या ग्लासात द्यायचो, पण साथीच्या काळात लोक ग्लासाला हात लावीनात म्हणून कागदी कप आणले, ते तसेच राहिले. आता तुमचं वाचून वाटतं की मी पुढे जायच्या नादात मागे गेलो.

दापोलीचा_विद्यार्थी

कागदी कपात आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर कागद भिजेल. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२० मध्ये तपासलं, १०० मिलि गरम पेय अशा कपात १५ मिनिटं ठेवलं तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. सरबत थंड असतं हे खरं, पण तुम्ही चहाही देत असालच.

बटर पेपर घेणार असाल तर तेही डोळे मिटून नको. तेल झिरपू नये म्हणून काही कागदांवर पीएफएएस जातीची रसायनं लावतात, ती वर्षानुवर्षं मोडत नाहीत. मॅकडोनाल्ड्सने २०२१ च्या जानेवारीत म्हटलं की २०२५ पर्यंत ती जगभरातल्या वेष्टनांतून काढू. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की अशी तेलरोधक रसायनं तिथे अन्नाच्या कागदासाठी विकणं बंद झालंय. साधा, विनालेपाचा, अन्नासाठीचा म्हणून विकतात तो घ्या.

लांजेकर

केळीचं पान विसरलात काय सगळे? पोफळीच्या विरीच्या प्लेटा? पार्सलला आत केळीचं पान, वरून साधा कागद. वासाने गिऱ्हाईक परत येईल.

पुण्याची_पाहुणी

गाडीत केळीच्या पानातला वडा! मी येणार. (कडीचं बघा मात्र.)

बाजारू_माणूस

पान मे महिन्यात करपतं, गणपतीत मिळत नाही, पावसात चिखलाचं येतं. धुवायला माणूस लागतो. कविता नको, हिशोब करा.

लांजेकर

माझ्या वाडीत पानं कुजून जातात हो. कविता नाही, खत आहे ते.

हायवेकाठचा

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. शिमगा होता, पालखी घरी होती.

काय काय केलं ते सांगतो. रद्दी पहिल्याच दिवशी बंद केली. साधा पांढरा कागद आणला, चिपळुणात घाऊक मिळतो. वड्यामागे थोडे पैसे वाढले, भाव वाढवला नाही. सरबताला काचेचे ग्लास परत काढले, माळ्यावर होते, चार फुटलेले. चहालाही काच.

तेलाने मात्र डोकं खाल्लं. कढईमागचा यांनी सांगितल्या तशा पट्ट्या मागवल्या. पहिल्या दिवशी सकाळच्या तेलाला ठीक दाखवलं, संध्याकाळी पट्टी बाद म्हणाली. आम्ही तेच तेल दुसऱ्या दिवशी नवीन घालून पुढे चालवायचो. वडिलांपासूनची पद्धत. बायको म्हणाली, पट्टीच आणली नसती तर बरं झालं असतं. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं. आता कढई लहान केली आहे, तेल एका वेळी कमी ओततो, रोज रात्री काढून टाकतो. खर्च वाढला, ते झाकत नाही.

बाद तेल डब्यात साठवतोय. गोळा करणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, एवढ्याशा तेलासाठी गाडी पाठवणं परवडत नाही, पाच-सहा दुकानं मिळून द्या. पुढच्या मिसळवाल्याशी बोललो, तो म्हणतो, माझं तेल उरतच नाही. यावर मी काही बोललो नाही.

आणि विद्यार्थी सर, सक्ती नसली तरी एका वडापावच्या कॅलरी अंदाजे किती ते सांगाल का? पाटीवर लिहायच्या आहेत. ती मुलगी परत आली तर.

दापोलीचा_विद्यार्थी

सर नको म्हणू. वडा केवढा, पाव केवढा, तेल किती पितो यावर ठरतं. साधारण आकाराचा असेल तर तीनशेच्या आसपास धरा, पाटीवर 'सुमारे' लिहा. एकदा वड्याचं वजन करून पाठवा, जरा नीट काढून देतो. मिसळलेल्या तेलाची गोष्ट प्रामाणिकपणे लिहिलीत. आमच्या घरीही तेच चालायचं.

कढईमागचा

दादा, तेल काढताना थंड झाल्यावर काढा. आमच्याकडे एकाचा हात भाजला होता. आणि चुरा राहिला की तेल लवकर बाद होतं, दर घाण्याला झाऱ्याने काढत जा. पट्टीपेक्षा झारा स्वस्त.

वेळासची_वाळू

सॉस देता का पुडीत?

हायवेकाठचा

नाही ताई, सुकी लाल चटणी. बरणीतून चमच्याने.

वेळासची_वाळू

🙏

खवचट_काका

पांढऱ्या कागदाचा निषेध. आता वडा खाताना निविदा कुठे वाचायच्या?

लांजेकर

हायवेकाठचा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. सोमवारी चिपळूणला येतोय, गाडीत पन्नास पानं टाकतो, धुऊन पुसून. पैसे नकोत, पहिल्या वेळेला. विरीच्या प्लेटा करणारे एक बचतगट आहेत आमच्याकडे, त्यांचा भाव विचारून ठेवतो. घावणे मात्र संपवू नका, मी साडेनऊला पोहोचेन.